झटका नव्हे, गचका

सिग्नलच्या अलीकडे गाडी हळू झाली, थांबायला आली आणि थांबण्याच्या अगदी आधी तिच्या तळपायांखाली काहीतरी धप्प झालं. मोठं काही नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी उशी टाकावी, एवढंच. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासत दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे, म्हणून गाडीत बसल्याबसल्या चपला काढून पाय मोकळे सोडायची तिची सवय होती; त्यामुळे ते थेट उघड्या तळव्यांना कळलं. तिनं शेजारी पाहिलं. नवरा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसला होता. शाळेत पीटी शिकवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. नोकरीतून निवृत्त झाला तरी त्याचा कणा काही निवृत्त झाला नव्हता. ओळखीपाळखीचे सगळे त्याला मास्तर म्हणायचे आणि चारचौघांत तीही मास्तरच म्हणायची. "अहो, आत्ता गचका बसला का?" तिनं विचारलं. "कुठे?" "खाली. पायाखाली." मास्तरांनी क्षणभर पुढे रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुला वाटतं," ते म्हणाले, आणि सिग्नल हिरवा झाला.

तुला वाटतं. हा शब्द मोठा लबाड आहे, हे तिला फार लहानपणी कळलं होतं. मला ऊन वाटतं, मला लाज वाटते, मला वाटतं तो येईल. अंगाला जे कळतं त्यालाही वाटणं आणि मन जे रचतं त्यालाही वाटणं. 'मला' असतं तोवर दोन्ही गुण्यागोविंदानं नांदतात; 'मला' काढून कुणी 'तुला' घातलं की अंग बाजूला पडतं आणि मागे नुसतं मन उरतं, तेही जरा हलकंसं, बिनभरवशाचं. आई घरात चालताचालता अशीच थांबायची. भिंतीला तळहात टेकायची आणि म्हणायची, जमीन हलली. वडील हातातल्या पेपरामागूनच म्हणायचे, तुला वाटतं. आत्या म्हणायची, अंगात रक्त नाही. मामा म्हणायचा, हाताला काम नाही. ती तेव्हा शाळेत होती आणि तिला कुणाची बाजू घ्यायची नव्हती, तिला बघायचं होतं. म्हणून तिनं काठोकाठ भरलेला पेला जमिनीवर ठेवला आणि पोटावर पालथी पडून पाण्याकडे टक लावून राहिली. आई चालता चालता थांबली, भिंतीला हात लावला. पाणी हललं नाही. "हललं का गं?" आईनं विचारलं, आणि तीही खाली वाकून पाण्याकडे बघायला लागली. मग कित्येक दुपारी दोघींचा तोच उद्योग होता. त्यात दुःख असं काही नव्हतं, उलट मजाच होती; आई आणि ती मिळून काहीतरी शोधत होत्या. पुढे आईच्या डोक्यात हरभऱ्याएवढी गाठ सापडली, आणि त्यानंतर घरात कुणी तुला वाटतं म्हणेनासं झालं. ते न म्हणणं जास्त भयंकर होतं.

तेव्हा आता प्रश्न साधा होता. हलतंय ते गाडीचं की माझं? खोटं कशाला बोला, तिला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा उत्सुकता काकणभर सरसच होती. दुकानात ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची, हे बरं की ते बरं असं विचारायची. आता तिनं तेच स्वतःच्या तळपायांना विचारायला सुरुवात केली. ओट्यापाशी उभी असताना, लिफ्टमध्ये, जिन्यात, बसमध्ये ती पायांकडे कान देऊन असायची. शेजारीण एकदा म्हणाली, काय हो, पायांत काही रुतलंय का? गचका कुठेच यायचा नाही. यायचा तो गाडीतच, आणि गाडीतसुद्धा लगेच नाही. इंजिन चांगलं तापलं की, वेग कमी होताना. सकाळी गार गाडीत कधीच नाही. एवढं कळल्यावर खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आईचंही असंच होतं ना, सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी थकली की भिंत. गाडीही संध्याकाळी तापते आणि आपणही संध्याकाळीच थकतो. मास्तरांना परत परत विचारायची तिला चोरी झाली. ते चिडत नसत, पण प्रत्येक वेळी तिच्याकडे असं बघत की जणू तीच एक सिग्नल आहे आणि कुठला दिवा लागलाय ते त्यांना नीट दिसत नाहीये. "मला तर काही नाही जाणवत," ते म्हणायचे. गाडी तेच चालवायचे. तिला चालवता येत होतं, परवाना होता, पण ते शेजारी असताना स्टिअरिंग तिच्या हाती येण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी दिवसभर ठेवली. तिथे काचेमागे बसवून चहा दिला, गाडीला स्कॅनर लावला, एक फेरी मारली आणि सगळं ओके आहे म्हणून परत दिली. किल्ली देताना तिथला माणूस मास्तरांना म्हणाला, "सर, गाडी एकदम मस्त आहे. मॅडमना वाटत असेल." म्हणजे इथेही तेच. मास्तर हसले नाहीत, हे तिनं पाहिलं. कुठल्याही नवऱ्यानं अशा वेळी थोडंसं हसायला हरकत नव्हती. तिला वाटलं, हे माझ्या आईचा विचार करतायत. त्या रविवारी मास्तर पोहायला गेलेले असताना तिनं मीटरला फोन लावला.

मीटर म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी. शाळेत त्याला वेगळं नाव होतं, ते आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, गळ्यात कायम तपासणीचं मीटर लटकलेलं, आणि स्वतःवर एवढा खूष की गाडी दुरुस्त करताना तोच बोलायचा आणि तोच ऐकायचा. फोनवर ती घाईघाईत म्हणाली, "अरे, आमच्या गाडीत झटका बसतो." झालं. मीटर पडला इलेक्ट्रिशियन. त्याच्या जगात झटका एकाच गोष्टीचा बसतो. त्यानं गाडी मागवून घेतली आणि अख्खा दिवस पत्र्यात करंट कुठून उतरतो ते शोधत बसला. अर्थिंगच्या पट्ट्या सोडवून घासल्या, बॅटरीची टोकं साफ केली, वायरींना एकेक करून मीटर लावलं, सीट काढून खालचे सांधे तपासले. संध्याकाळी ती गेली तेव्हा तो घामाघूम होऊन सीटच्या सांगाड्यावर बसला होता. "ताई, लिकेज कुठेच नाही. झटका नक्की कुठे बसतो, हाताला की कमरेला?" "पायाला." "पायाला? चपलेतून? मग मोठा असणार." "अरे तसला नाही रे. गाडी हळू होताना बसतो, खालून." मीटरनं तिच्याकडे पाहिलं, मग दिवसभर उस्तवारी केलेल्या त्या गाडीकडे. "म्हणजे गचका," तो म्हणाला. "हो, गचकाच." "मग गचका म्हणा ना, ताई. झटका काय म्हणता."

तिला हसू आवरेना आणि मग त्यालाही. पण त्या हसण्यातून त्याचं कुतूहल जे जागं झालं ते काही परत झोपलं नाही. गाडीच्या पायरीवर तिला बसवून त्यानं उलटतपासणी सुरू केली. "मागून कुणी ढकलल्यासारखं होतं का? तर तो धक्का. पुढे ओढल्यासारखं? तर हिसका. हिसका असला तर तो इंजिनाकडून येतो, माझ्याकडे आणायचाच नाही. खालून, जागच्या जागी, आदळल्यासारखं?" "खालून. जागच्या जागी. आणि एकदाच." "गार असताना?" "नाही." "चढावर?" "चढावर नाही, थांबताना." त्या एवढ्याशा बोलण्यात तिला फार बरं वाटलं. एवढ्या दिवसांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी, बसतो का, असं न विचारता, कसा बसतो, असं विचारलं होतं. "ताई, तुम्ही म्हणताय तर तो असणार," मीटर म्हणाला आणि लगेच स्वतःची बाजू सांभाळून घेतली, "म्हणजे बघू."

पुढचे काही दिवस त्यानं जे केलं त्यात निम्मं चुकीचं होतं, पण चुकताना तो इतका रंगून जायचा की तिला रागावता येईना. आधी म्हणाला, गिअरबॉक्समधलं ऑइल खराब झालंय. काढून पाहिलं तर ते स्वच्छ. मग म्हणाला, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, शंभर टक्के. तो बदलला आणि गचका दुसऱ्या संध्याकाळी परत हजर. दुकान सुटलं की ती त्याच्याकडे जायची, बाकावर बसायची. जागा लांबट होती, एका टोकाला उजेड, दुसऱ्या टोकाला टायरांचा ढीग, मधे पाण्यानं धुतलेली फरशी जी कधी वाळायची नाही. मग एक दिवस स्कॅनरमध्ये खोलवर कुठेतरी दडलेली एक नोंद त्याला मिळाली. कधीतरी, एखाद्या क्षणापुरता, गिअर सांभाळणाऱ्या डब्याचा बाकी गाडीशी संपर्क तुटला होता. "ऑटोमॅटिक गाडीला दोन मेंदू असतात, ताई. एक इंजिनाचा आणि एक गिअरचा. दुसरा हा." त्यानं बॅटरीशेजारचा चपटा काळा डबा दाखवला, डब्यापेक्षा त्यात शिरणारा वायरींचा जुडगाच मोठा होता. "कुठला गिअर कधी टाकायचा ते हा ठरवतो. तुम्ही जसं चालवाल तसं शिकत जातो. आणि मला वाटतं हा मधेच एक झपकी घेतो. तेवढ्यात गिअरबॉक्सला वाली नाही. तो घाबरून सगळा जोर लावून एक गिअर धरतो, तोच तुमचा गचका. डबा परत जागा झाला की सगळं आलबेल." ती डब्याकडे बघत राहिली. मेंदू हा शब्द त्यानं सहज वापरला होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "झपकी का घेतो?" तिनं विचारलं. "आतल्या सोल्डरच्या टाक्याला बारीक तडा गेला असेल. तापला की तडा उघडतो, गार झाला की मिटतो. म्हणून तर वर्कशॉपवाल्यांना मिळाला नाही, त्यांनी गार गाडी तपासली. पण नुसतं म्हणून चालणार नाही, पकडायला पाहिजे. उद्या सरांना घेऊन या. ब्रेकवर पाय ठेवायला एक माणूस लागेल."

दुसऱ्या दिवशी रात्र होण्याआधीच मास्तर आले. फरशी ओली, त्यावर काळपट चिखल. मास्तर टापटिपीचे, त्यांनी गाडीत बसण्याआधी बूट काढून बाहेर नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांवरच ब्रेकवर पाय ठेवला. ती शेजारी बसली. त्या दिवशी ती मात्र चपला घालूनच होती. मीटरनं डबा पट्टीतून सोडवून वायरींसकट जरा वर घेतला, बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला होता तो चालू केला आणि गरम हवा डब्यावर धरली. दुसरा तळहात गाडीच्या पत्र्यावर. "सर, गिअर डी-वर टाका आणि ब्रेक सोडू नका." इंजिन संथ चालू होतं. ड्रायरचा आवाज, बॉनेटच्या फटीतून मीटरचा अर्धा चेहरा, सीटच्या जाड फोमात रुतलेली ती. ती श्वास रोखून पायांकडे लक्ष देऊन होती, अगदी त्या पेल्याकडे बघायची तशी. आणि धप्प. चपलेच्या तळातून, स्वच्छ, निःसंशय. "आला!" मीटर ओरडला. "हाताला कळला. ताई, आला ना?" "आला," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीचाच. माझा नाही, गाडीचाच. इतक्या दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं आणि ती हसत मास्तरांकडे वळली, की बघा, मला वाटत नव्हतं. मास्तर बॉनेटकडे बघत होते. "सर, तुम्हाला पायाला केवढा बसला असेल," मीटर म्हणाला. मास्तरांनी विचारलं, "सुरू केलंस का?"

मीटरला वाटलं सर थट्टा करतायत. तो हसला आणि पुन्हा एकदा हवा धरायला वळला. पुन्हा धप्प. पुन्हा. प्रत्येक वेळी ती मास्तरांचा चेहरा बघत होती, आणि प्रत्येक वेळी मास्तर मीटरचा चेहरा बघत होते. मीटर मान हलवायचा, मग मास्तर मान हलवायचे. "हो, आला," ते म्हणाले. पण मीटरच्या मागून. आपल्या बाबतीतलं उत्तर मिळाल्याचा आनंद तिला धड पाव मिनिटही उपभोगता आला नाही. हा माणूस इतके दिवस माझ्यावर अविश्वास दाखवत नव्हता, तिच्या मनात आलं, याला खरोखरच काही कळत नव्हतं. आणि मग, एखादं कपाट उघडावं आणि आत कोंबलेलं सगळं अंगावर यावं तसं झालं. मागच्या उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर हे अनवाणी उभे होते, मी दोन पावलांत परत फिरले आणि हे टाकीची झाकणं तपासत बसले. किती कणखर, मी म्हटलं होतं. लिफ्टमधून बाहेर पडले ते एकाच पायात सपात, आणि हसून म्हणाले, म्हातारचळ लागला. फिरून आले तेव्हा मोजा रक्तानं चिकटला होता, बुटात खडा. त्यांनी खडा हातात घेऊन इतकं निरखून पाहिलं होतं की जणू तो दुसऱ्याच कुणाच्या बुटातला आहे. आणि हल्ली गाडी चालवताना हे खाली, पायांकडे बघतात. मी समजत होते, पायाखालची मॅट सरकते म्हणून.

नवा डबा यायला काही दिवस लागले. घरात दोघं एकमेकांशी फार चांगलं वागत होते. डबा आला त्या संध्याकाळी मीटरनं बॅटरीची वायर सोडली, जुना काढला, नवा बसवला, जुडग्याची कडी खटकन लावली आणि स्कॅनरवरून त्याला या गाडीचा क्रमांक शिकवला, तेव्हा कुठे डब्यानं गाडीला आपलं म्हटलं. मग त्यानं पुन्हा ड्रायर धरला. पुष्कळ वेळ धरला. काही झालं नाही. "पण अजून तो कोरा आहे," मीटर सांगू लागला. "जुन्याला तुमच्या पायाची सवय होती, याला काहीच माहीत नाही. याला घेऊन मोकळ्या रस्त्यावर शांतपणे चालवायचं. ॲक्सिलरेटर अगदी हळू दाबायचा, प्रत्येक गिअर पडलेला पायाला कळेल असा, मग हळूच सोडायचा. जसं चालवाल तसं शिकेल. सर, तुमच्यासारखा शिस्तीचा ड्रायव्हर असल्यावर काय काळजी?" एवढं बोलून तो मोरीवर हात धुवायला गेला.

मास्तर बाकावर बसून बूट घालत होते. ती उठली आणि त्यांच्यासमोर टायरावर बसली. "थांबा जरा. मोजा काढा. डोळे मिटा." "अगं, इथे?" "इथेच. मिटा." त्यांनी मिटले. शाळेत मुलांना सांगत तसे घट्ट मिटले, पाठ ताठ. तिनं त्यांचं पाऊल आपल्या गुडघ्यावर घेतलं. ते गार होतं, आणि टाचेपाशी एक भेग होती जी कुणालाही दुखली असती. तिनं अंगठ्याच्या पेरावर नख टेकवलं आणि दाबलं. मग जोरानं दाबलं. नखाखालची कातडी पांढरी पडली. मास्तर वाट बघत बसले होते, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाची उत्सुकता. मोरीवर पाणी पडत होतं. "कर ना सुरू," ते म्हणाले. तिनं नख काढलं, हात मागे घेतले. तेवढ्यात तिच्या गप्प राहण्यावरून त्यांनी काहीतरी ताडलं असावं. "हां, वाटतंय," ते घाईनं म्हणाले. "आता वाटतंय. अंगठ्याला ना?"

त्यांनी डोळे उघडले तेव्हा तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. ते हातांकडे बघत राहिले, मग आपल्या अंगठ्यावर उमटलेल्या नखाच्या खुणेकडे. "केव्हापासून?" तिनं विचारलं. "माहीत नाही. आधी वाटलं, बूट जाड आहेत." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "तू गचका म्हणालीस तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, हिला कळतंय आणि मला नाही. खरंच तो असला तर मग माझं काय? म्हणून मला तो नसायलाच हवा होता." तिला राग यायला हवा होता, आला नाही. तिनं मोजा उचलला, त्यांच्या पायात चढवला. "उद्या डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "आणि किल्ली द्या." मास्तरांनी खिशातून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. मग दिली. "चालव तू," ते म्हणाले, "मला काही वाटत नाही." आणि बोलून गेल्यावर ते स्वतःच ऐकत राहिले, आपण काय म्हणालो ते.

रस्ता मोकळा होता. तिनं पाय हळू दाबला. मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते, ताठ नव्हते, तिच्या पायाकडे बघत होते. "कसा असतो गं तो?" त्यांनी विचारलं. "गचका नाही, साधा गिअर. पडताना कसा कळतो?" ती विचार करू लागली. "आधी गाडी जरा श्वास धरते," ती म्हणाली. "मग पायाखाली काहीतरी एक पायरी खाली उतरतं. थांबा, सांगते." गाडी वेग घेत होती. त्यांनी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवली. "आत्ता," ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली नाही. "आणि पुढचा?" त्यांनी विचारलं.